दोन स्टॉप पुढचं मशीन

९ जानेवारी

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

आज सकाळी दूध तापवलं, केर काढला, यांचे राहिलेले कपडे धुऊन वाळत घातले. मग बँकेत गेले. दुपारी जेवून जरा पडले, झोप लागली नाही. आता लिहायला बसले आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायला सुचत नाही, तेव्हा पत्रच बरं.

बँकेतलं काम झालं. दोघांच्या नावाचं खातं आता माझ्या एकटीच्या नावावर झालं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी यांचं कार्ड मागून घेतलं आणि कात्रीने कापलं. तेवढा वेळ मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मग मला माझ्या नावाचं नवीन कार्ड दिलं आणि गुप्त आकड्याचं बंद पाकीट दिलं. येताना पैसे काढावेत म्हणून मशीनपर्यंत गेले होते, पण गर्दी होती म्हणून परत आले. घरात आहेत थोडे, काळजी नसावी.

तुमच्याकडच्या मागच्या खोलीबद्दल लिहिलंत. तुमचा जीव तुटतो हे कळतं मला. पण सध्या इथेच बरं वाटतं. यांना ठेच लागू नये म्हणून इतकी वर्षं इथली एक वस्तू हलवली नाही, त्यामुळे मलाही हे घर अंधारात फिरता येईल इतकं पाठ झालं आहे.

भाच्याला आशीर्वाद.

आपली,
मैना


१७ जानेवारी

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अख्खा महिना चार ओळींत गुंडाळतेस. लग्न होऊन आलीस आणि आठवडाभर तोंड उघडलं नाहीस म्हणून आईने तुझं नाव मैना ठेवलं, ते अजून शोभतंय.

गर्दी होती म्हणून परत आलीस? हे काय नवीन? इतकी वर्षं बाबूला हाताला धरून मशीनवर नेत होतीस तेव्हा गर्दी नव्हती वाटतं. दर महिन्याला पैसे काढायचीस तू, तो बिचारा नुसता सोबतीला. मी तर इथे चार जणींत सांगते, माझ्या आंधळ्या भावाचा संसार ह्या मुलीने एकहाती ओढला. आणि दारासमोर मशीन असताना बस धरून दोन स्टॉप पुढच्या मशीनवर कशाला जायचात ते एक कोडंच आहे. आमचे साहेब म्हणतात, मामीला जवळच्या मशीनची भीती वाटत असेल. मी म्हटलं, का रे, तिथे काय भूत बसलंय?

साहेब म्हणजे माझे चिरंजीव. ऑफिसात साहेब झाल्यापासून घरातही साहेबच आहेत. तर त्यांचं म्हणणं असं की मामीने कार्ड आणि त्याचा नंबर माझ्याकडे द्यावा, इथे येऊन राहावं, लागतील तसे पैसे मी काढून देईन. माझंही कार्ड त्याच्याकडेच आहे. डोक्याला ताप नाही. मागितले की देतो. कशाला हवेत विचारतो, पण देतो.

मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. कांद्यांची पोती हलवली, वास अजून हललेला नाही. खिडकी उघडी ठेवते आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तो तुला न्यायला येईल. एकटं राहून राहून माणूस भिंतीशी बोलायला लागतं. तू तर भिंतीशीही बोलायची नाहीस.

तुझी,
वन्सं


२५ जानेवारी

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. त्यातली एक गोष्ट तशी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे मी काढत नव्हते. एकदाही काढले नाहीत. हेच काढायचे. मी बाहेर पायरीवर उभी असायचे, यांची पिशवी धरून, रस्त्याकडे तोंड करून.

पूर्वी बँकेत काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. यांना सही येत होती. हॉस्पिटलात डॉक्टरांच्या टेप ऐकून दिवसभर टायपिंग करायचे, कागदात खाडाखोड नाही. पण बँकेत अंगठाच लावावा लागायचा आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही. खिडकीतला माणूस मोठ्या आवाजात मला विचारायचा, "यांना किती हवेत?" हे म्हणायचे, "मी इथेच आहे." तो पुन्हा मलाच विचारायचा. मी यांच्याकडे बोट दाखवायचे. हे आकडा सांगायचे, मग तो नोटा माझ्या हातात द्यायचा. यांचा पगार, किती काढले, किती उरले, सगळ्या रांगेला माहीत. घरी येऊन हे त्या माणसाची नक्कल करायचे आणि आम्ही हसायचो. पण त्या दिवशी जेवण कमी जायचं यांना.

मग दोन स्टॉप पुढे बोलणारं मशीन बसलं. त्याला हेडफोनची वायर लावायची सोय आहे. लावली की कानात एक बाई बोलते, आता कार्ड घाला, आता आकडा दाबा. पाचच्या बटणावर बारीक ठिपका असतो, तो बोटाला सापडला की बाकीची बटणं आपोआप सापडतात. दारासमोरच्या मशीनला ती सोय नाही. हे म्हणायचे, "ते मुकं आहे, आपलं त्याच्याशी जमणार नाही." म्हणून आम्ही बसने जायचो. भुताचा संबंध नाही.

कार्ड मिळवायलाही यांना फार खेपा पडल्या. बँक म्हणायची, दिसत नाही तर कार्ड कसं द्यायचं, कोणी फसवलं तर? हे दर वेळी नवा अर्ज टाइप करायचे. आवाज चढवला नाही, हातापाया पडले नाहीत. शेवटी बँकेच्या मॅनेजरनेच कंटाळून दिलं.

पहिल्या दिवशी मी यांच्याबरोबर आत गेले होते. हे म्हणाले, "तू बाहेर थांब." रागाने नाही म्हणाले. मी बाहेर आले. आतून टकटक ऐकू आली, मग नोटा मोजल्याची घरघर. हे बाहेर आले तेव्हा नोटा आधीच खिशात घातलेल्या होत्या. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "विचार ना, किती काढले."

मी म्हटलं, "किती काढले?"

"नाही सांगणार," म्हणाले, आणि घर येईपर्यंत हसत होते.

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. यांचा गुप्त आकडाही मला माहीत नव्हता. यांच्या हयातीत तो जगात एकट्या यांनाच माहीत होता. घरखर्चाला मला कधी कमी पडलं नाही. कधीतरी माझ्यासाठी एखादी साडी यायची, कशातून आली ते मला ठाऊक नसायचं. नवऱ्याने बायकोला न सांगता साडी आणावी, ही बाकीच्या घरांत साधी गोष्ट असेल. आमच्याकडे ती त्या मशीनमुळे झाली.

एकदा संध्याकाळी आम्ही गेलो तर मशीनच्या खोलीतली ट्यूब गेली होती. आत काळोख. बाहेर पाच-सहा माणसं उभी. मशीन चालू होतं, पण बटणं दिसत नव्हती म्हणून कोणी आत जाईना. यांनी विचारलं, "काय झालंय?" एक जण म्हणाला, "लाइट नाही आत." हे म्हणाले, "एवढंच ना," आणि आत जाऊन पैसे घेऊन आले. तो माणूस म्हणाला, "अहो, तुम्हाला आत दिसलं कसं?" हे म्हणाले, "मला नाही दिसलं. तुम्हालाही नाहीच दिसणार. चला, मी दाखवतो." मग दाराशी उभे राहून, एक बोट हवेत पुढे करून एकेकाला सांगत होते, मधल्या बटणावर ठिपका आहे, त्याच्या वर दोन, खाली आठ. आणि दर माणसाला बजावत होते, "आकडा मनात म्हणा, मला ऐकू फार चांगलं येतं." सगळ्यांचं काम होईपर्यंत आमच्या दोन बस गेल्या. मी पायरीवर उभी होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला असं वाटत होतं की कोणीतरी येऊन विचारावं, हे कोण तुमचे, आणि मी सांगावं.

आता माझं. ९ तारखेला गर्दी नव्हती. मी दारासमोरच्या मशीनवर गेले होते. मला वाचता येतं, पण पडद्यावर इतक्या ओळी आल्या की कुठली आपली ते कळेना, आणि कळेपर्यंत पडदा बदलायचा. मागचे गृहस्थ म्हणाले, "काकू, आधी भाषा." दुसरे म्हणाले, "हिरवं दाबा हो." मी लाल दाबलं. कार्ड बाहेर आलं, ते घेऊन मी घरी आले.

घरातले पैसे अजून तीन आठवडे पुरतील.

आपली,
मैना


४ फेब्रुवारी

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साहेबांना वाचायला दिलं नाही. त्यांना म्हटलं, तब्येतीचं लिहिलंय.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे तुझं कौतुक करत होतो आणि काम करत होता तो. आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. त्याने सांगू दिलं नाही का तुला बोलावंसं वाटलं नाही? राहू दे. तुम्हा नवराबायकोचं तुम्हाला माहीत.

पण मला नवल नाही वाटलं. बाबू सहा-सात वर्षांचा असेल, डोळे जाऊन वर्ष झालेलं. आईने त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायला पाठवायचं म्हटलं की हात धरायला मी. एक दिवस तो अडून बसला, मी एकटा जाणार. आईने मला डोळ्याने खुणावलं, मागून जा. मी दहा पावलं मागे. भिंतीला हात लावत गेला, नाणं बोटाने कडा चाचपून ओळखलं, साखर घेतली, आला. दारात थांबून मला म्हणतो, "ताई, तुझी चप्पल वाजते. पुढच्या वेळी अनवाणी ये." असला होता तो. आई म्हणायची, देवाने माझ्या दोन पोरांत एकच शाबूत संच वाटून दिला, एकाला कान दिले, एकीला डोळे. तेव्हा माझे कान चांगले होते, तरी म्हणायची. तिला आधीच दिसलं असावं.

हे सगळं खरं. पण मैने, त्याच्या कौतुकाने तुझी चूल पेटणार नाही. अर्थ एवढाच झाला की त्याला येत होतं आणि तुला येत नाही. आणि ज्या बाईला आपले पैसे काढता येत नाहीत ती एकटी कशी राहणार? शेजाऱ्याला कार्ड देणार? वाण्याला? त्यापेक्षा घरचा माणूस बरा. साहेब २७ तारखेला येतोय. त्याच्या आत तू तुझ्या हाताने पैसे काढलेस तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. नाहीतर मुकाट्याने बॅग भरायची. मुकाट्याने हे तुला सांगायला नको.

पत्राला उशीर झाला, कारण पोस्टाच्या तिकिटांना सुट्टे मागितले तर साहेब म्हणाला, "आई, पत्र कशाला, मी फोन लावून देतो की." मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे. कामाच्या गडबडीत विसरतो.

तुझी,
वन्सं


१६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

काल पैसे काढले.

कसे काढले ते लिहिते. तुमचं पत्र आल्यावर मी आणखी एकदा दारासमोरच्या मशीनवर जाऊन आले. पुन्हा तसंच झालं. घरी येऊन विचार केला की मला पडद्यावरून येत नाही, पण दुसऱ्या एका पद्धतीने हे काम होतं हे मी इतकी वर्षं ऐकलेलं आहे. कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज येतो ते मला माहीत होतं. तेव्हा आपण यांच्यासारखं करून बघावं. यांचा हेडफोन यांच्या शर्टाच्या खिशातच होता.

आम्ही जायचो त्याच बसने गेले. तिथला वॉचमन ओळखीचा. पायरीवर उभं राहून त्याच्याशी ऊन-पावसाचं बोलणं व्हायचं. तो म्हणाला, "काका नाही आले?" मी सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "मला वाटलं गावाला गेले असतील." मी म्हटलं, "आज मी काढणार आहे." तो म्हणाला, "जा तुम्ही. मी इथे उभा राहतो, तुम्ही राहायचात तसा." आणि त्याने रस्त्याकडे तोंड केलं.

आत गेले. वायर लावली तर पडदा काळा झाला. मला वाटलं मी मशीन बिघडवलं. तेवढ्यात कानात बाईचा आवाज आला. मग लक्षात आलं, ऐकणाऱ्या माणसाचा आकडा मागून कोणी वाचू नये म्हणून पडदा मुद्दाम बंद होतो. एवढी काळजी कोणीतरी केली आहे. हे घरी आल्यावर म्हणायचे, "फार सभ्य बाई आहे ती." मला वाटायचं चेष्टा करतात. पण खरंच आहे. ती घाई करत नाही. आपण काही दाबलं नाही तर थांबते आणि त्याच आवाजात तेच पुन्हा सांगते. चुकलं तर चुकलं म्हणते, पण मनाला लागत नाही. मी एकदा चुकले.

ठिपका सापडायला वेळ लागला. माझी बोटं भांडी घासून जाड झाली आहेत. सापडला तेव्हा त्यावर जरा वेळ बोट तसंच ठेवलं. मग आकडा दाबला.

मधेच रांगेतली एक मुलगी दार ढकलून आत आली, कॉलेजातली असेल. हातवारे करून म्हणाली, "मावशी, बंद पडलंय ते, पडदा काळा झालाय. या बाहेर." माझ्या एका कानात ती आणि एका कानात ती दुसरी. मी गोंधळले असते. पण वॉचमन बाहेरून, मान न वळवता म्हणाला, "चालू आहे. त्या ऐकतायत."

मुलगी बाहेर गेली. मग घरघर झाली आणि नोटा आल्या. ही घरघर मी कायम पाठीमागून ऐकली होती. समोरून ती बरीच मोठी ऐकू येते.

बाहेर आले तर ती मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण तुम्हाला दिसतं ना?"

"दिसतं."

"मग हेडफोन कशाला?"

मी म्हटलं, "मला असंच येतं."

तिला हसू आलं, मलाही आलं. यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा आलं. वॉचमनने तिला काहीतरी सांगायला सुरुवात केली, काळोखातल्या त्या दिवसाचं असावं. मी थांबले नाही, बस आली होती. मागे वळून बघितलं तर रांगेतली चार माणसं त्याच्याभोवती उभी राहून ऐकत होती. बोलताना त्याने यांच्यासारखा हात हवेत धरला होता, एक बोट पुढे करून.

पूर्वी मला वाटायचं, हे आत जाऊन पैसे काढतात. आता वाटतं, इतक्या सगळ्या गोष्टी बोटांनी आणि कानांनी लक्षात ठेवून, मागे माणसं चुळबुळ करत असताना, यांनी ते महिन्या-महिन्याला केलं आणि बाहेर येताना कपाळावर आठी नसायची. मला एकदा करून घाम फुटला होता.

भाच्याला जरूर येऊ द्या. जेवायला काय आवडतं ते कळवा. बॅग भरलेली नाही.

किती काढले ते तुम्हालाही लिहीत नाही.

आपली,
मैना


४ मार्च

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

साहेब परत आले. एकटेच आले ते बघून शेजारीण विचारते, "आणायला गेला होता ना?" समोर उभं राहून ओरडलं की कळतं मला, पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचे फायदे आहेत.

तो काय म्हणाला ते सांगते. म्हणाला, "आई, मामीने मला पायरीवर उभं केलं. मी म्हटलं, मामी, पडद्यावरचं सोपं असतं, दोन मिनिटांत शिकवतो. तर म्हणाली, शिकव नंतर, आधी इकडे पाठ कर." तू इतकं बोललीस? मला खरं वाटेना, मी त्याला पाटीवर लिहून दाखवायला लावलं. आणि म्हणे त्याच्या शेजारी वॉचमनही पाठ करून उभा. येणारे-जाणारे बघत होते, मशीनला हा कुठला पहारा लागला म्हणून. परत येताना बसमध्ये त्याने तुला विचारलं नाही, किती काढले. विचारावंसं वाटलं पण विचारलं नाही, म्हणाला. माझ्या मुलाला एवढी अक्कल आहे हे मला माहीत नव्हतं.

रात्री सगळे जेवायला बसलो. मी म्हटलं, "माझं कार्ड दे."

"का? काही कमी पडतंय का आई?"

"कमी काही नाही. माझ्याजवळ हवंय."

"अगं, पण तुला नंबर आठवणार आहे का?"

मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या वेळच्या कळा आठवतात मला, चार आकडे आठवणार नाहीत?"

सूनबाई हसली. त्याने उठून कपाटातून कार्ड आणून दिलं. वाईट नाही तो. त्याला वाटत होतं आईचं ओझं उचललं. मला तरी कुठे कळलं होतं, तुझं पत्र येईपर्यंत. पत्र त्याला वाचायला दिलं मी, दोन्ही दिली. वाचून बाथरूममध्ये गेला, बराच वेळ नळ चालू होता.

सोमवारी मशीनवर गेलो. तुझी ती सभ्य बाई माझ्या उपयोगाची नाही, मला काय ऐकू येणार. पण डोळे आहेत. एकेक ओळ वाचत बसले. मागून लोक काही बोलत असतील तर बोलोत, मला कुठे ऐकू येतंय. साहेबाला बाहेर उभा केला होता. त्याने दोनदा मान वळवली, दोन्ही वेळा मी काचेवर कार्ड आपटलं. तिसऱ्यांदा नाही वळवली. मग नोटा आल्या. इतकी वर्षं मुलाच्या हातून घेतलेल्या नोटा आणि त्या नोटा यांत काही फरक नाही, कागद तोच. पण मैने, मी त्या ब्लाउजमध्ये ठेवल्या आणि तिथून सरळ पोस्टात जाऊन एवढी तिकिटं घेतली आहेत की आपल्या दोघींना मरेपर्यंत पुरतील. बाबूला हे सांगायला हवं होतं. त्याने मला चप्पल काढून यायला सांगितलं असतं.

कांदे परत मागच्या खोलीत आणून ठेवले. त्यांचीच खोली होती ती. पण तू ये. राहायला नको, भेटायला ये. आठ दिवस ये. मी बाबूला लहानपणी बघितलं आणि तू त्याला नंतर बघितलंस, मधे दोघींचं बोलणं कधी झालंच नाही. मला ऐकू येणार नाही, तुला बोलता येणार नाही. पाटी आहे, खडू आहेत.

साहेब म्हणतो, तिकीट पाठवू का? मी म्हटलं, तिला विचारू नकोस, ती पाठ करायला सांगेल.

तुझी,
वन्सं


११ मार्च

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. २० तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते, दुपारी तिथे पोचेन. स्टँडवर कोणाला पाठवू नका. पत्ता माहीत आहे.

आज सकाळी घर आवरलं, मशीनवर जाऊन आले, मग तिकीट काढायला स्टँडवर गेले. रांग लहान होती. अंधांना तिकिटात सवलत असते, म्हणून इतकी वर्षं त्या खिडकीवर मी एकच वाक्य म्हणत आले, "एक सवलतीचं, एक सोबतीचं." आजही तोंडातून तेच निघालं.

खिडकीतला माणूस म्हणाला, "सवलतीचं ओळखपत्र दाखवा."

मी पर्स उघडली. मग बंद केली. म्हटलं, "नाही. एकच द्या. साधं."

"जायचंच फक्त?"

"जायचं आणि यायचं."

त्याने यायची तारीख विचारली, ती सांगितली. पैसे दिले. तिकिटावरच्या दोन्ही तारखा वाचून बघितल्या आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. तिथे बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि घरची बस धरली.

आपली,
मैना